फर्लांगाला बावीस मशका

सात रस्त्यावरून जुन्या बंगल्यांकडे वळलं
की अजून मानेला गारवा लागतो,
झाडं निम्मी गेली तरी.
पहाटे चारला मी सायकल तिथंच टेकवतो,
लोखंडी झाकण सरकवतो, वाकतो,
चावी फिरवतो. साडेअकरा आटे.
पाणी खात्यात माझं पद : चावीवाला.
गावाला पाणी पाच दिवसांनी,
आणि तो पाचवा दिवस कुणाच्या दारात
किती वाजता उजाडायचा, ते माझ्या मनगटात.

माझ्या पणज्याचं नाव लाडलेसाब.
त्याला पगार होता
हाच रस्ता भिजवायचा.

रस्त्याला तहान लागते असं नव्हे.
साहेबाची बग्गी साडेपाचला क्लबकडं निघायची
आणि मडमेच्या टोपीला धूळ चालत नव्हती.
एवढंच.
वैशाखात, विहिरीच्या तळाला
पोहरा दगडावर वाजायला लागला
तरी फर्लांगाला बावीस मशका,
कडुलिंब नंबर एक ते कडुलिंब नंबर चाळीस.
झाडांना नंबर होते. पणजा नुसता
‘पखाली, इसम एक’.

चामड्याचं तोंड दोन बोटांत दाबून
तो पाणी पेरायचा,
थेंबावर थेंब पडू न देता.
अब्बा हे सांगताना हवेत बोटं हलवायचे
आणि आम्ही भावंडं
उगीच पाय आखडून घ्यायचो.

मग वास सुटायचा.
रुळांच्या अंगाला मागवाल्यांची चार घरं होती.
तिथली नरसव्वा धोटा हातातच घेऊन
उंबऱ्यावर यायची, वर बघायची :
“वाना?”
तिच्या तेलुगूत पाऊस.
आभाळ ठणठणीत.
मग नजर खाली. रस्ता ओला.
“नै अम्मा,” पणजा म्हणायचा, “साब आरईं.”

किती दिवस असं विचारलं असेल तिनं?
वासाला कुणी कितीदा फसावं?

मागं जुने दप्तर हलवताना एक वही निघाली.
मोडी. हत्तरकी मॅडमनी बोट ठेवत वाचली :
झाड एकोणीस ते एकवीस रस्ता कोरडा आढळला.
बग्गीवर धूळ आली.
पखाली लाडलेसाब, दंड आणे चार.

तीन झाडांमधलं अंतर म्हणजे
एक मशक. थोडं जास्तच.

ती कुठं गेली?
दादी म्हणायची, नरसव्वाच्या रांजणात,
बाळंतीण होती घरात.
अब्बांच्या मते मशक फाटकी होती,
टाके उसवलेले, सरकार नवी देत नव्हतं.
चुलते हसायचे : रोजा होता त्याचा,
मगरिबच्या आधीच कुठंतरी बसून
पिऊन टाकलं असेल सगळं.
वहीत पुढचं पान नाही. वाळवीनं खाल्लंय,
अगदी काळजीपूर्वक, कडेकडेनं.

आता रस्ता सिमेंटचा. धूळ वेगळी.
बंगल्यात कचेरी, कचेरीत कूलर,
आणि रुळांच्या अंगाला चारांची चाळीस घरं.
बंगल्यांच्या लाइनीला सकाळी सातला, जोरात.
चाळीस घरांना रात्री दोनला,
आधी अर्धा तास नुसती हवा.
बाया घागरीला कान लावून बसतात,
नळ खोकला की उठतात.

गेल्या महिन्यात मला कागद आला :
दिनांक अमुक, ठरल्या वेळेपेक्षा
वीस मिनिटं जादा पाणी सुटल्याचं आढळलं.
खुलासा सादर करावा.

मी लिहिलं,
आटे जाम होते. चावी फिरेना.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.
“तेल घालत जा,” म्हणाले.
“होय,” म्हणालो.

परत येताना एकोणिसाव्या झाडाच्या जागेवर थांबलो.
झाड नाही. डांबर निघालेला एक खळगा आहे,
कुणाच्या तरी टँकरमधून सांडलेलं पाणी त्यात.
एक कुत्रं पीत होतं,
घाई न करता.